चुली मोजून सुरुवात: कोकणातील आपत्तीत अन्नमदतीचा शासनाशी आणि गावाशी मेळ कसा घालावा

अन्नमदतीच्या कामात नव्याने पडणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘काय न्यावे’ हा असतो. कोकणात तो तिसरा किंवा चौथा प्रश्न असायला हवा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, महाड शहर पाण्याने वेढले गेले आणि त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतरच्या दिवसांत मदतीला तोटा नव्हता, तोटा होता तो मेळाचा. गाडीरस्त्यालगतच्या वस्त्यांत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या पुरून उरल्या, आणि पऱ्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाडीत चौथ्या दिवशीही तांदूळ पोहोचला नव्हता. हे टिपण संस्थेत नुकतेच रुजू झालेल्या कार्यकर्त्यांसाठी, तसेच मुंबई-पुण्याहून पहिल्यांदाच टेम्पो भरून घाट उतरणाऱ्या मंडळांसाठी लिहिले आहे. बचावकार्य, औषधोपचार आणि घरबांधणी हे विषय त्यात नाहीत. केवळ अन्न आणि ते पोहोचवताना कोणाशी कसे जोडून घ्यायचे, एवढेच आहे.

यजमान कोण, हे आधी समजून घ्या

आपत्तीत मदत करणारी संस्था पाहुणी असते आणि यजमान असते त्या देशाचे शासन, हा संकेत जगभर मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ या ठरावात, मदतीची सुरुवात, आखणी, समन्वय आणि अंमलबजावणी यांत बाधित देशाची भूमिका प्रथम असेल, असे स्पष्ट म्हटले आहे. भारतात तर हा संकेत अधिकच ठळक आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या शासनाने परदेशी सरकारांची मदत सुरुवातीला नाकारली होती आणि २०१८ च्या केरळच्या महापुरातही तेच धोरण कायम ठेवले. १९६३ पासून भारतात असलेला संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रमसुद्धा आता येथे मुख्यतः शासनाची धान्यवितरण व्यवस्था सुधारण्यासाठी तांत्रिक साहाय्य करतो. इतर काही देशांत अन्नसुरक्षेच्या समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या संस्था घेतात. त्या अनुभवाच्या जोरावर कोकणात उतरलेल्या माणसाने ती सवय बाजूला ठेवावी, कारण येथे बैठक जिल्हाधिकारीच बोलावतात.

याला आधार आहे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अशी ती उतरंड असून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष जिल्हा प्राधिकरणाचे सहअध्यक्ष असतात. तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या सहभागास उत्तेजन देणे हे जिल्हा प्राधिकरणाच्या कर्तव्यांत कायद्यानेच घातलेले आहे. त्यामुळे कार्यालयात जाताना उपकार मागण्याच्या किंवा उपकार करण्याच्या आविर्भावात जाण्याचे कारण नाही. याच कायद्यात आपत्तीग्रस्तांसाठीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, हेही पावतीपुस्तक छापण्याआधी वाचून ठेवावे.

प्रत्यक्ष कामात मात्र तुमचा संबंध जिल्हाधिकाऱ्यांशी क्वचित येईल. धान्याचा विषय जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे आणि तालुक्यात तहसीलदार व पुरवठा निरीक्षकांकडे असतो. दोन-चार तालुक्यांवर प्रांताधिकारी असतात. गावात तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील असतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तुम्ही तलाठी आप्पा असेच विचाराल तर लवकर उत्तर मिळेल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि राज्याचा १०७०. दोन्ही पाठ असू द्यावेत.

पावसाआधीची ओळख

हे काम मे महिन्यात करायचे असते. पावसाळ्यापूर्वी जिल्हा आणि तालुका पातळीवर आढावा बैठका होतात, आणि त्या वेळी एका पानाचे पत्र दिलेल्या संस्थेची नोंद राहते. त्या पत्रात संस्थेचा नोंदणी क्रमांक, आपण कोणत्या तालुक्यात काम करू शकतो, किती कुटुंबांना किती दिवस शिधा देऊ शकतो, वाहन आणि गोदाम कोठे आहे आणि रात्री फोन उचलणारा माणूस कोण, एवढेच लिहावे. संस्थेचा इतिहास आणि ध्येयधोरणे यांनी भरलेली पाच पाने कोणी वाचत नाही.

त्याच महिन्यात गावाकडची जोडणी करावी. कोकणातील गाव हे एका जागी वसलेले नसते. डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठाने आणि सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर) पसरलेल्या दहा-बारा वाड्या मिळून एक महसुली गाव होते, आणि प्रत्येक वाडीचा आपला एक कारभार असतो. वाडीचा गावकार किंवा प्रमुख, वाडीच्या मुंबईतील मंडळाचा सचिव, कोळीवाड्यात मच्छीमार सहकारी सोसायटी, मोहल्ल्यात जमातीची कमिटी, बौद्धवाडीत समाजाच्या संघटनेची स्थानिक शाखा, आणि सगळीकडे महिला बचत गट, आशाताई व अंगणवाडीताई, ही खरी स्थानिक सहकाऱ्यांची यादी आहे. केवळ सरपंचांना भेटून ‘गावाशी बोलणे झाले’ असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक. सरपंच ज्या वाडीचे असतील ती वाडी तुम्हाला उत्तम कळते, बाकीच्या कळत नाहीत.

चूल हे माप

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपत्ती आली की तुमच्यासमोर दोन याद्या येतात. एक शासनाची असते, जी शिधापत्रिका आणि घरपट्टीच्या नोंदी यांवरून तयार होते आणि पंचनाम्यांनंतर दुरुस्त होते. दुसरी वाडीची, जी मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीवरून किंवा गावकाराच्या आठवणीतून तयार होते. दोन्ही प्रामाणिक असल्या तरी दोन्ही अपुऱ्याच असतात, आणि त्यांची चूक वेगवेगळ्या दिशेने होते.

घरांची यादी बंद घरांमुळे फुगते. गणपतीला आणि शिमग्याला उघडणाऱ्या, एरवी कुलूप असलेल्या घरांची नावे कागदावर असतात. उलट शिधापत्रिकांची यादी आकसते, कारण एका पत्रिकेवर बापाचे नाव असते आणि त्याच छपराखाली तीन भाऊ विभक्त राहत असतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातील एका वाडीत मी घरामागे एक असे शिध्याचे संच उतरवून घेत होतो, तेव्हा एका आजीबाईंनी शांतपणे सांगितले, “झिला, घर एक दिसता, पण चुली तीन आसत.” त्या दिवसापासून मी घरे मोजलेली नाहीत आणि पत्रिकाही मोजलेल्या नाहीत. ज्या चुलीवर वेगळे शिजते ती एक चूल, आणि त्या चुलीवर आज जेवणारी माणसे किती, एवढेच दोन रकाने पहिल्या दिवशी भरावेत. मुंबईहून लॉकडाऊनमुळे किंवा सणासाठी आलेला चाकरमानी आज जेवत असेल तर तो आज मोजायचा; त्याचे नाव कोणत्या पत्रिकेवर आहे हा प्रश्न नंतरचा.

ही मोजणी बाहेरच्या माणसाने करू नये. आशाताई आणि बचत गटाची एक बाई अशा जोडीला एका वाडीसाठी बहुधा अर्धा दिवस पुरतो. मग ती वही घेऊन तलाठ्याकडे बसायचे आणि ओळीने ताडून पाहायचे. ज्या चुली दोन्ही याद्यांत आहेत त्यांना शासनाचे धान्य कधी मिळणार हे विचारून घ्यायचे. ज्या एकाच यादीत आहेत त्यांची शहानिशा करायची. आणि ज्या कोणत्याच यादीत नाहीत, त्या तुमच्या. संस्थेच्या शिध्यावर पहिला हक्क त्यांचा असतो, आणि शासनाला समांतर वाटप न करता त्याच्या वाटपातील खिंडार बुजवणे म्हणजे काय, ते येथे कळते.

ही तिसऱ्या प्रकारची माणसे कोण, हे ऋतूप्रमाणे बदलते. कातकरी कुटुंबे पावसाळा सोडून उरलेला काळ वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर असतात आणि पावसात वाडीवर परततात. त्यांच्या पत्रिका अनेकदा दुसऱ्याच तालुक्यातल्या असतात, किंवा सावकाराकडे गहाण पडलेल्या असतात. आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेले लोक मे अखेरपर्यंत येथे असतात, त्यांना येथली पत्रिका असण्याचा प्रश्नच नाही. तौक्तेच्या वेळी ते येथेच होते. परप्रांतीय भारतीय मजुरांना मात्र ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीने आपल्या गावच्या पत्रिकेवर येथल्या रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते, आणि हे त्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. तुमचा एक संच वाचतो आणि त्यांची महिन्याची सोय होते. मच्छीमारांचे वेगळेच आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत, त्यामुळे जुलैतील आपत्ती त्यांना रिकाम्या हाताने गाठते. कागदावर ते बोटीचे मालक असतात आणि घरात पैसा नसतो.

शासन काय देते ते विचारल्याशिवाय खरेदी करू नका

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे बहुतेक वाड्यांत काही ना काही धान्य येणारच असते. प्रश्न असतो तो कधी येईल आणि मधल्या काळात काय, हा. वीज आणि नेटवर्क गेले की रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि दुकानात पोती असूनही वाटप अडते. अशा वेळी यंत्राशिवाय नोंदवहीवर वाटप करण्यास मुभा मिळावी म्हणून तहसीलदारांकडे दुकानवार माहिती नेणे, हे शंभर संच वाटण्यापेक्षा मोलाचे काम आहे. त्याचे छायाचित्र निघत नाही एवढेच.

गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुले यांचा पूरक आहार अंगणवाडीमार्फत येतो, त्याची चौकशी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करावी. शाळेत निवारा उघडलेला असेल तर तिथे पोषण आहाराचा तांदूळ दिसेल. तो मुख्याध्यापकांच्या जबाबदारीतला साठा असतो, वरून लेखी परवानगी आल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि लावायला सांगूही नये.

संचात काय असावे

पहिले दोन-तीन दिवस शिधा उपयोगाचा नसतो, कारण चूल भिजलेली, भांडी वाहून गेलेली आणि लाकडे ओली असतात. या काळात शिजवलेले अन्नच लागते. ते बाहेरून आणू नये, जवळच्या कोरड्या वाडीतील बचत गटाला सामान देऊन तिथेच शिजवावे. खिचडी किंवा डाळभात, झाकून, ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवून आणि दोन तासांच्या आत संपेल अशा बेताने. पुलाव आणि चपात्यांची पाकिटे शहरातून सहा तास प्रवास करून येतात तेव्हा दमट हवेत त्यांचे काय होते, हे ज्याने एकदा पाकीट उघडून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

त्यानंतर कोरडा शिधा. आपत्तीतील मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला २१०० कॅलरी, त्यांतील किमान दहा टक्के प्रथिनांतून आणि सतरा टक्के स्निग्धांतून, हे आखणीचे माप धरतात. कोकणच्या जेवणात हे माप बसवायचे तर माणशी रोज ३७५ ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम डाळ-कडधान्य, ३० ग्रॅम तेल, २५ ग्रॅम शेंगदाणे आणि २० ग्रॅम साखर असा हिशेब जमतो. पाच माणसांच्या चुलीला सात दिवसांसाठी १३ किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, दीड किलो कुळीथ किंवा चवळी, किलोभर तेल, ९०० ग्रॅम शेंगदाणे आणि ७०० ग्रॅम साखर होते. त्यात मीठ, हळद-मसाला, मूठभर आमसुले आणि काडेपेटी घातली की संच वीस किलोच्या आसपास जातो. तो दोन पिशव्यांत बांधावा. पाखाडीच्या दोनशे पायऱ्या चढून एक पोते नेणे तरण्या माणसाला जमते, पण मागे राहिलेले लोक बहुधा साठीच्या पुढचे असतात.

गहू देऊ नये. हे मी इतक्या ठामपणे लिहितो याला कारण निसर्ग वादळ आहे. ३ जून २०२० रोजी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत अनेक गावांची वीज कित्येक आठवडे आली नाही. गिरणच बंद, तर गव्हाचे करायचे काय? शिवाय येथे भाकरी तांदळाची आणि रात्रीचे जेवण भाताचे. सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत उकडा तांदूळ मिळाला तर तोच घ्यावा, त्याची पेज आजाऱ्यालाही चालते. पिठाची पाकिटे पावसात आठवड्याभरात जाळी धरतात.

बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या कोणी कितीही प्रेमाने दिल्या तरी स्वीकारू नयेत. दूषित पाण्यात कालवलेली पावडर बाळाच्या जिवावर बेतते, आणि १९९२ च्या यासंबंधीच्या कायद्याने अनाथालये वगळता त्यांचे दान वा वाटप करण्यास मनाई आहे. आईला जास्तीचा शिधा द्यावा. ज्या बाळाला आईचे दूध मिळूच शकत नाही, त्याची माहिती आरोग्य केंद्राला कळवावी.

रस्ता, गोदाम, वाटप

कोकणात मदत येते ती मुंबई-गोवा महामार्गाने किंवा घाटातून. आणि ज्या पावसाने पूर येतो तोच पाऊस घाट बंद करतो. कुंभार्ली, आंबा, वरंधा, आंबेनळी, करूळ यांपैकी कोणता उघडा आहे हे निघण्यापूर्वी नियंत्रण कक्षाकडून कळून घ्यावे, समाजमाध्यमावरच्या चित्रफितीवरून नव्हे. एकाच बाजूच्या पुरवठादारावर विसंबू नये: २०२१ मध्ये चिपळूणची घाऊक बाजारपेठच पाण्याखाली होती आणि त्याच दिवसांत घाटावर कोल्हापूरलाही पूर होता. तीनशे चुलींचे संच म्हणजे सुमारे सहा टन माल. मोठा ट्रक तालुक्याच्या गावापर्यंतच येतो. पुढे पाऊण टन वाहणारा ‘छोटा हत्ती’ टेम्पो आठ फेऱ्या करतो, आणि त्याच्याही पुढे होडी नाहीतर डोके. या शेवटच्या टप्प्याची मजुरी अंदाजपत्रकात धरलेली नसते, आणि नेमकी तीच वाडीतल्या माणसांना रोख मिळायला हवी असते.

गोदाम उंचावर, खाली लाकडी फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. आवक-जावक वही एकाच्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या.

वाटपाचा दिवस ठरवताना तहसीलदार कार्यालयाला आदल्या दिवशी कळवावे, वाडीत दवंडी किंवा निरोप द्यावा, आणि यादी सर्वांना दिसेल अशी चिकटवावी. यादी चिकटवली की तासाभरात तिच्यातल्या चुका लोकच सांगतात, तुम्हाला काही करावे लागत नाही. वाटपाची जागा कोणाच्या घराचे अंगण किंवा एखाद्या पक्षाचे कार्यालय नसावे, आणि एका समाजाच्या देवळात किंवा मशिदीत दुसऱ्या समाजाला बोलावू नये. शाळा किंवा समाजमंदिर बरे. एकट्या म्हाताऱ्यांचे आणि अपंगांचे संच घरपोच. घेणाऱ्याच्या हातात पिशवी देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह देणगीदारांकडून होतो. रचलेल्या मालाचे आणि सहीच्या पानाचे, नावे झाकून, छायाचित्र पाठवावे आणि तेवढ्यावर थांबावे.

सहकारी संस्थेशी व्यवहार

स्थानिक संस्थेबरोबर काम करताना तोंडी विश्वासाला एका पानाच्या लेखी कराराची जोड द्यावी: खरेदी कोण करणार, वाहतूक कोणाची, उरलेल्या मालाचे काय, हिशेब कधी. तिच्या माणसांचा प्रवासखर्च आणि मानधन आपल्या खर्चात धरावे, कारण तिच्या अंगणात पाणी शिरलेले असतानाच ती तुमच्यासाठी धावत असते.

परदेशी पैशाबाबत मात्र फार जपावे. परकीय अंशदानाच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेले परकीय अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, मग तिची नोंदणी असो वा नसो. खरेदी तुम्हीच करून वस्तू तिच्या हवाली करू, ही पळवाटही सल्लागाराला विचारल्याशिवाय धरू नये. कोकणातल्या मोहल्ल्यांचा आणि वाड्यांचा आखाताशी जुना संबंध असल्यामुळे हा प्रश्न लहान मंडळांसमोरही येतो. दुबईत किंवा कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. त्याच्या चुलतभावाने परदेशी नागरिकत्व घेतलेले असेल तर त्याची देणगी ठरते. पैसे घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागायला संकोच करू नये.

थांबायचे कधी

रास्त भाव दुकान नियमित उघडू लागले, गिरण सुरू झाली आणि बाजारात भाजी दिसू लागली की फुकट शिधा आखडता घ्यावा, नाहीतर नुकताच चिखल उपसून उभा राहिलेला गावातला वाणीच बुडतो. गरज उरली असेल तर त्याच्याच दुकानात चालणारी कूपने द्यावीत आणि दर आठवड्याला त्याचे बिल चुकते करावे. निघताना चुलींची वही दोन प्रतींत करावी: एक ग्रामपंचायतीत पोच घेऊन, दुसरी बचत गटाच्या पेटीत. तहसीलदारांना द्यायच्या अहवालात किती संच वाटले याआधी, कोणत्या चुली अजूनही शासनाच्या यादीत नाहीत, त्यांची नावे वाडीवार लिहावीत.